सेल्फ बदलण्याआधी मीटर लावा: ट्रॅक्टरच्या वायरिंगमधला दोष कसा शोधायचा

गेल्या हंगामात एक शेतकरी पोत्यात गुंडाळलेला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, घेऊन माझ्याकडे आला. सेल्फ नवा होता, वरचा रंगसुद्धा उडाला नव्हता. म्हणाला, "दादा, यातही दम नाही. आधी बॅटरी बदलली, मग हा बदलला. आता अल्टरनेटर बदला म्हणतात." (अल्टरनेटर म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग.) मी सेल्फ टेबलावर घेतलाच नाही. तो परत ट्रॅक्टरला बसवायला लावला आणि मीटर घेऊन तिथे गेलो.

स्टॉपचा लिव्हर ओढून ठेवला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि त्याला चावी मारायला सांगितली. सेल्फ कण्हत कण्हत फिरत होता. फिरत असताना बॅटरीवर ११.७ व्होल्ट होते. सेल्फवर मात्र ८.४. मधले ३.३ व्होल्ट कुठे गेले? लाल केबलच्या बाजूला ०.३ निघाले. उरलेले पूर्ण ३ व्होल्ट बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्या मध्ये सापडले. तिथे आहे काय, तर अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, एक पट्टी आणि एक बोल्ट. दोन महिन्यांपूर्वी ट्रॅक्टरला रंग दिला होता आणि पट्टी त्या नव्या रंगावरच आवळली होती. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासून लोखंड चकचकीत केलं, वॉशर बदलला, बोल्ट आवळला. मग त्याचा जुना सेल्फ, जो भंगारात जाणार होता, तोच बसवून पाहिला. पहिल्याच चावीला इंजिन खडखडीत फिरलं.

असे चांगले सेल्फ, चांगले अल्टरनेटर माझ्या टेबलावर सतत येतात आणि मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. दोष सांध्यात असतो आणि पैसे पार्टवर जातात. म्हणून मी जसं तपासतो तसं इथे सविस्तर लिहितो आहे. यातलं बहुतेक काम ट्रॅक्टरचा मालक स्वतः करू शकतो.

काम चालू असताना मोजा

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वायरीत व्होल्टेज दिसतं याचा अर्थ वायर चांगली आहे असा होत नाही.

पाइपात चिखल अडकला असेल आणि नळ बंद असेल, तर टोकाला पाण्याचा दाब पूर्ण दिसतो. नळ सोडला की धार करंगळीएवढी. वायरीचंही तसंच आहे. आत वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर १२.६ दाखवतो, कारण मीटरला जवळजवळ काहीच करंट लागत नाही. बल्ब किंवा सेल्फ जोडून करंट वाहायला लागला की खरं काय ते कळतं.

सेल्फच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं, कारण डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. सांध्यात ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट सांडतात. ते ०.०१ ओहम साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसतच नाहीत. मीटर 'टूं' करून सांधा चांगला आहे असं सांगतो, आणि तोच सांधा सेल्फला उपाशी ठेवतो. म्हणून जाड केबलींसाठी ओहम मोजत बसू नका. सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजा.

त्याच २ व्होल्टची उष्णता होते: २ गुणिले २०० म्हणजे ४०० वॅट, एवढ्याशा सांध्यात. माझे वस्ताद याच गोष्टीवर काम करायचे. मीटरच्या आधी त्यांचा हात जायचा. पाच-सात सेकंद सेल्फ मारायला लावायचे, आणि मग हाताची पालथी बाजू एकेका सांध्यावरून न्यायचे: बॅटरीचा क्लॅम्प, केबलचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), सेल्फचा बोल्ट, अर्थचा बोल्ट. एका ठिकाणी हात थांबायचा. "हा बघ, ताप आलाय." बहुतेक वेळा तोच सांधा निघायचा. मी अजूनही आधी हात लावतो. फक्त बोटाची आतली बाजू नको आणि चिमटही नको. पालथा हात, जरासा टेकवून.

हातात काय हवं

साधा डिजिटल मल्टीमीटर, १० अँपिअरची खूण असलेला. २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. एलईडीचा टेस्टर यासाठी चालत नाही, तो मेलेल्या वायरीवरही पेटतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे खोटी वायर लगेच उघडी पडते. याशिवाय मध्ये फ्यूज असलेली एक लांब वायर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि पाने. एवढं पुरतं.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जाड केबल आणि ट्रॅक्टरचं लोखंड यांना एकाच वेळी धातू टेकला तर तो क्षणात लाल होतो आणि बोट वाचत नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद, चाकांना दगड. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ ठिणगी किंवा काडी नको, आत हायड्रोजन तयार होतो आणि बॅटरी फुटते. केबल सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

आणि हे कळकळीने सांगतो: सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टाकून ट्रॅक्टर चालू करू नका. तसं करताना माणूस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभा असतो. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे सरकतो आणि मागचं चाक अंगावरून जातं. क्लच किंवा गिअरजवळचा सेफ्टी स्विच हीच गोष्ट टाळण्यासाठी दिलेला असतो, आणि पाना टाकला की तो निकामी होतो. माणसं यात जातात.

बॅटरी

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चार्जिंगवरून काढली असेल तर आकडा फुगलेला येतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबून मोजा. चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच राहत असेल तर सहापैकी एक घर (सेल) गेलं आहे. प्रत्येक घराचे २.१ व्होल्ट असतात, एक वजा केलं की तेवढेच उरतात.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर मीटरपेक्षा जास्त सांगतो. तो आतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, मोजतो; भरलेल्या बॅटरीची ती १.२६५ ते १.२८० असते. सगळी घरं सारखीच खाली असतील तर बॅटरी फक्त उतरली आहे, चार्ज करा. एकच घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर मात्र त्या बॅटरीवर वेळ घालवू नका. मोजण्याच्या आधी लगेच डिस्टिल्ड वॉटर घालू नका, आकडा चुकतो.

उतरलेल्या बॅटरीवर पुढची एकही तपासणी करू नका. आधी ती पूर्ण चार्ज करा किंवा खात्रीची दुसरी लावा. अर्ध्या बॅटरीवर सेल्फ तपासून तो खराब ठरवलेला मी फार वेळा पाहिला आहे.

सेल्फ फिरत नाही किंवा जोरात फिरत नाही

आधी ऐका. चावी मारल्यावर टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड (चावीच्या करंटवर सेल्फची जाड वाट जोडणारा स्विच) ओढला जातो आहे, पण जोर लागताच व्होल्टेज पडतं आणि तो सुटतो, परत ओढला जातो. बॅटरी उतरलेली किंवा जाड केबलचा सांधा खराब, दोहोंपैकी एक. एकच दणकट 'टक' आणि मग शांतता, तर सोलेनॉइडच्या आतले संपर्क जळलेले, सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) घासलेले किंवा पुन्हा केबल. काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडपर्यंत चावीचा करंट पोचत नाही.

आता मीटर. वीस व्होल्टच्या खुणेवर ठेवा. स्टॉप ओढलेला. एकाने चावी मारायची, दुसऱ्याने मोजायचं. एका वेळी पाच-सात सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ तापतो. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर लावायची, वरच्या क्लॅम्पवर नाही. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला सांधाही मापात यायला हवा, आणि क्लॅम्पवर टोक ठेवलं की नेमका तोच निसटतो.

पहिलं माप: दोन्ही खुंटांच्या मध्ये, सेल्फ फिरत असताना. ९.६ च्या खाली गेलं तर एकतर बॅटरीत ताकद नाही किंवा सेल्फ भलताच करंट ओढतो आहे. शेजारच्या ट्रॅक्टरची चांगली बॅटरी लावून बघा. तीही तशीच खाली बसली तर सेल्फ आत घासतो आहे किंवा शॉर्ट आहे. त्याआधी इंजिन हाताने फिरतं ना, हेही पाहा. इंजिनच अडकलं असेल तर सेल्फ बिचारा काय करणार.

दुसरं माप: पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या मोटरकडे जाणाऱ्या बोल्टापर्यंत. इथे मीटर वाटेत सांडलेले व्होल्ट थेट दाखवतो. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर एक टोक खुंटावर ठेवून दुसरं टोक एकेक सांधा मागे आणत या. जिथे आकडा एकदम कमी होतो, त्याच्या लगेच पुढचा सांधा खराब. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांच्या मध्येही मोजा. चावी मारण्याआधी तिथे पूर्ण १२ असतात, सेल्फ फिरताना ०.२-०.३ वर यायला हवेत. 'टक' वाजूनही १२ तसेच राहिले तर आतली तांब्याची चकती जळली आहे. अशा वेळी फक्त सोलेनॉइड पाहायचा, अख्खा सेल्फ नाही.

तिसरं माप: निगेटिव्ह खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत. ०.३ च्या आत हवं. बहुतेक लोक लाल केबल बदलतात आणि अर्थकडे बघत नाहीत. खरं तर सेल्फला जेवढा करंट लाल केबलीतून जातो तेवढाच अर्थमधून परत यावा लागतो. गंज, रंग, ग्रीस, ढिला बोल्ट, जुनी हिरवट पडलेली पट्टी, हे सगळं अर्थच्याच वाट्याला जास्त येतं, कारण ती खाली चिखलात असते. शंका आली तर जम्पर केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. जोरात फिरला तर उत्तर मिळालं.

तिन्ही मापं चांगली आली, सेल्फचा बोल्ट आणि अंग यांच्या मध्ये दहाच्या वर व्होल्ट पोचले, आणि तरीही तो मरतुकडा फिरतो, तर दोष सेल्फच्या आत आहे. तेव्हा बेशक खोला. आतही आधी कार्बन आणि बुश पाहायचे, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) नंतर.

अजिबात आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर मोजा, वायर लावलेली असतानाच, कोणीतरी चावी धरून ठेवून. बॅटरीपेक्षा एका व्होल्टहून जास्त कमी आलं तर मागे मागे जा: सेफ्टी स्विच, रिले, चावीचा स्विच, फ्यूज. क्लचखालच्या स्विचवर चिखल बसतो किंवा त्याची पट्टी वाकते आणि क्लच पूर्ण दाबूनही तो लागत नाही. स्विच साफ करा, जागेवर आणा, गरज पडली तर बदला. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून ठेवू नका, कारण वर सांगितलं आहे.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन चालू होत नाही, आणि ट्रॅक्टरला डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असेल, तर चावी चालू केल्यावर पंपाजवळ बारीक 'टिक' ऐकू येते का बघा. नसेल तर त्याचा फ्यूज आणि वायर तपासा. पंप खोलण्याच्या आधी.

चार्जिंग

इंजिन मध्यम वेगावर, साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवा आणि खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. मग हेडलाइट लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या आसपास टिकायला हवा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला आहे: बॅटरीचं पाणी लवकर आटतं, बल्ब वरचेवर उडतात.

कमी आला तर लगेच अल्टरनेटर उतरवू नका. पट्टा अंगठ्याने दाबा, मधल्या जागी साधारण एक सेंटिमीटर दबायला हवा. पुलीची खाच आरशासारखी चमकत असेल तर पट्टा घसरतो आहे. नंतर मीटरचं टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टावर ठेवा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १२.८ असेल तर अल्टरनेटर आपलं काम चोख करतो आहे, मधल्या वाटेत माल सांडतो आहे. तो सांधा शोधा.

दोन्हीकडे कमी असेल तर चार्जिंगच्या दिव्याकडे बघा. ही जागा फार लोकांच्या नजरेतून सुटते. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या लहानशा दिव्यातूनच मिळतो. दिव्याचा बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा खूप रेस दिल्यावर होतो. म्हणून चावी चालू, इंजिन बंद, अशा वेळी दिवा पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर अल्टरनेटरवरची ती बारीक वायर काढून क्षणभर अर्थला टेकवा. आता पेटला, तर वायर आणि बल्ब चांगले, दोष अल्टरनेटरच्या कार्बनमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये. तरीही नाही पेटला, तर बल्ब, फ्यूज किंवा वायर. एकदा एका माणसाने दोन अल्टरनेटर बदलल्यावर मी त्याच्या डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब बदलून दिला होता. ही चाचणी साध्या, दिव्यावर चालणाऱ्या अल्टरनेटरचीच. नव्या ट्रॅक्टरमध्ये त्या वायरीला कॉम्प्युटर जोडलेला असतो, तिथे करू नका.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'अल्टरनेटर चार्ज करतो का बघू' ही सवय सोडा. अल्टरनेटरच्या आधीच्या डायनॅमोच्या काळात ती चालून गेली. अल्टरनेटरमध्ये केबल सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर जळतात. वेल्डिंग करतानाही बॅटरी सोडा, अल्टरनेटरच्या वायरी काढा.

रात्रीत उतरणारी बॅटरी

ट्रॅक्टर दोन-तीन दिवस उभा राहिला की सेल्फ मारत नाही, चार्ज केली की परत चालतो. लोक बॅटरी बदलतात आणि नवीही उतरते. हिशेब बघा: अर्धा अँपिअर गुपचूप जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ निम्मी.

निगेटिव्ह केबल काढा. मीटर १० अँपिअरवर, लाल वायर त्याच्या १० अँपिअरच्या भोकात. एक टोक खुंटाला, दुसरं काढलेल्या केबलला. चावी बंद. आता चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य, घड्याळ वगैरे असेल तरी ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्या वाटेवर. मागाहून बसवलेले दिवे, म्युझिक प्लेअर, मोबाइल चार्जर आधी बघा, ते बऱ्याचदा फ्यूजला वळसा घालून थेट बॅटरीवरून घेतलेले असतात.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. एका सकाळी मी असाच एक ट्रॅक्टर पाहायला गेलो. रात्रभर उघड्यावर उभा, बॉनेटवर दव साचलेलं, इंजिनला हात लावला तर बर्फ. अल्टरनेटरला हात लावला तर कोमट. आतला डायोड फुटला होता आणि बॅटरी रात्रभर त्यातून उलटी वाहत होती. त्या दिवशी मीटर पिशवीतून काढायच्या आधीच दोष कळला.

बॅटरीच्या वरचा ओला मळही करंट खातो. मीटरचं एक टोक निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवा. तिथे व्होल्ट दिसले तर झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा.

दिवे, फ्यूज, काटे

इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकतो, ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद होतो: दिव्याचा अर्थ गेला आहे. करंटला परत जायची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. दिव्याच्या अंगापासून निगेटिव्ह खुंटापर्यंत एक वायर धरून बघा, सगळं सुरळीत झालं की खात्री. ट्रॉलीचा अर्थ हिचच्या पिनेवर सोडलेला असतो आणि पिनेला ग्रीस. ट्रॉलीला स्वतंत्र अर्थची वायर टाका आणि सॉकेटच्या पिना घासून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज लावू नका, आणि तार तर मुळीच नाही. फ्यूज वाचेल आणि वायरिंग पेटेल. त्या वाटेवरचे सगळे दिवे, उपकरणं बंद करा किंवा सोडा आणि फ्यूजच्या जागी तुमचा २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळणार नाही. आता सावकाश वायरिंगचा गठ्ठा टोकापासून हलवत या. स्टिअरिंग वळवा, बॉनेट उघडझाप करा. ज्या क्षणी बल्ब विझला, तुमचा हात शॉर्टच्या जागेवर आहे. बॉनेटची बिजागरी, सायलेन्सरजवळचा क्लिप, टाकीखालची धार, आणि उंदरांनी कुरतडलेली जागा: आधी या चार ठिकाणी बघा.

डॅशबोर्डवरचे काटे चुकीचं दाखवत असतील तर आधी मोजा, किती काटे चुकतात. सगळे एकदम चुकत असतील तर त्यांचा एकत्र अर्थ किंवा सप्लाय बघा, सगळे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. एकटा तापमानाचा काटा हलत नसेल आणि साधा एका वायरीचा सेन्सर असेल, तर वायर काढून क्षणभर अर्थला टेकवा. काटा एका टोकाला धावला म्हणजे काटा आणि वायर ठीक, सेन्सर बदला. ऑइलच्या दिव्याशी मात्र असा खेळ नको. तो चालत्या इंजिनात पेटला की आधी इंजिन बंद, मग ऑइल बघा. वायरीचा संशय सगळ्यात शेवटी.

ज्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर कॉम्प्युटर आहे, तिथे टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींना लावू नका, फक्त डिजिटल मीटर. स्कॅनर जो कोड दाखवतो तो पार्टचं नाव नसून वाटेचं नाव असतं. 'सेन्सरचं व्होल्टेज कमी' याचा अर्थ सेन्सर खराब, कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) पाणी किंवा वायर तुटलेली, काहीही असू शकतो. एकदम सात-आठ कोड आले तर आधी बॅटरी आणि अर्थ तपासा. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की कॉम्प्युटर गोंधळतो आणि चांगल्या सेन्सरांचीही तक्रार नोंदवतो. कपलर उघडा, पिना हिरव्या आहेत का, मागे सरकल्या आहेत का पाहा, कोरड्या करून परत दाबा, कोड पुसून बघा.

सांधा कसा करायचा

सापडलेला दोष पिळून, टेप गुंडाळून सोडला तर पावसाळ्यात तुम्ही परत तिथेच. वायर मागे मागे कापत जा, जिथे आतलं तांबं लालसर चकचकीत दिसेल तिथपर्यंत. काळी किंवा हिरवी तार दाबून उपयोग नाही. वायरीच्या मापाचं थिंबल, योग्य पकडीने दाबलेलं, वरून उष्णतेने आवळणारी नळी. ओढून बघा, सुटायला नको. इंजिनाजवळ, जिथे थरथर आहे, तिथे नुसत्या डाखावर (सोल्डरवर) विसंबू नका. डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. अर्थच्या बोल्टाखाली लोखंड उघडं करा, आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा.

ट्रॅक्टर चांगला चालतो आहे अशा दिवशी एकदा ही सगळी मापं घ्या: उभी बॅटरी, सेल्फ फिरताना, अर्थच्या बाजूला, लाल बाजूला, चार्जिंग. बॉनेटच्या आत किंवा टूलबॉक्सच्या झाकणावर पक्क्या शाईने लिहून ठेवा. पुढे बिघाड झाला की तुमच्याच ट्रॅक्टरशी तुलना करता येते.

आणि सेल्फ किंवा अल्टरनेटर खरंच उतरवायची वेळ आली, तर कारागिराला 'सेल्फ खराब आहे' असं सांगू नका. "सेल्फवर १०.४ पोचतात, अर्थला ०.२ जातात, तरी फिरत नाही" असं सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तो तुमच्या वायरिंगवर संशय घेणार नाही. टेबलावर सेल्फ नुसता फिरवून दाखवला तर तेवढ्यावर तो चांगला समजू नका. मोकळा सेल्फ थोड्या करंटवरही भन्नाट फिरतो. पुढचं पिनियन रोखून जोर देऊन दाखवायला सांगा, आणि त्या वेळी तो किती अँपिअर ओढतो ते क्लॅम्प मीटरवर स्वतः बघा.